आरव्ही विकत घ्यायची की नुसतं निघायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. "वय ६८. डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, मोटार उद्योगात इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त. पत्नी ६३. घराचं कर्ज फिटलंय. मला सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे, महिन्याला २,८०० डॉलर मिळतात आणि आयआरएमधून, म्हणजे पैसे काढताना कर लागतो अशा निवृत्ती खात्यातून, वर्षाला ३६,००० काढतो. आयआरएत ७,८०,००० आहेत, बँकेत ५८,०००. पत्नीचा आरोग्य विमा सरकारी विमा मार्केटप्लेसमधून घेतलाय, हप्त्यात महिन्याला ६०० डॉलरची सरकारी सवलत मिळते. न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि दक्षिण युटा हा सगळा वाळवंटी भाग गाडीने फिरायचा बेत चार वर्षं रखडलाय. आता एक वापरलेली २८ फुटी सी क्लास आरव्ही, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, ९२,००० डॉलरला मिळतेय. आयआरएमधून एकरकमी पैसे काढून ती घ्यावी, या ऑक्टोबरमध्ये निघावं आणि पुढे पाच वर्षं दर वर्षी दोन महिने फिरावं, असं मनात आहे. हिवाळ्यात अडीच महिने आम्ही पुण्याला आईकडे असतो, उन्हाळ्यात नातवंडं इथे येतात. मुलगा म्हणतो, या वयात एवढा खर्च करू नका." पत्राखाली पत्नीने स्वतःची एक ओळ जोडली आहे: "मला कॅनियन बघायचाय, गाडीत संसार मांडायचा नाही."

नमस्कार.

आधी उत्तर देऊन टाकते, मग कारणं. सहल करा, याच ऑक्टोबरमध्ये करा, आणि मनात कसलीही टोचणी न ठेवता करा. आरव्ही मात्र विकत घेऊ नका. आणि काहीही झालं तरी या वर्षी आयआरएमधून ९२,००० काढू नका. तुमच्या मुलाची काळजी मला समजते, पण त्याने दोन वेगळ्या खर्चांना एकाच मापाने मोजलंय. सहलीचा खर्च तुम्हाला सहज झेपतो. न झेपणारी गोष्ट आहे ती गाडी, आणि तीही तुम्ही ज्या खिशातून पैसे काढताय त्या खिशामुळे.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ९२,००० नाही, ६०० आहे. वहिनींच्या विम्यावरची ती सवलत घरच्या एकूण उत्पन्नावर ठरते, आणि २०२६पासून तिला पुन्हा कडक मर्यादा आली आहे. दोघांच्या कुटुंबाचं या वर्षीचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या वर गेलं, अगदी एका डॉलरने गेलं, तरी वर्षभराची सवलत पूर्ण जाते. या हिशेबात सोशल सिक्युरिटीची पूर्ण रक्कम धरतात, करपात्र असो वा नसो. तुमचे सोशल सिक्युरिटीचे ३३,६००, आयआरएचे ३६,००० आणि बँकेचं व्याज मी २,४०० धरलं, तर आज तुम्ही ७२,०००वर आहात. म्हणजे रेषेपर्यंत १२,६०० डॉलरची जागा आहे. त्यात ९२,००० कुठे बसवणार? दर महिन्याला जी सवलत परस्पर हप्त्यातून वजा होते ती पुढच्या वर्षी कर भरताना परत द्यावी लागेल. पूर्वी या परतफेडीला काही उत्पन्नगटांसाठी कमाल मर्यादा असायची, आता ती कुणालाच उरलेली नाही. तुमच्या बाबतीत ही रक्कम ७,२०० डॉलर.

आता कर. गाडी ९२,०००ची, त्यावर मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर, म्हणजे ९७,५०० काढावे लागतील. ते तुमच्या नेहमीच्या उत्पन्नावर चढले की सोशल सिक्युरिटीचा आज निम्म्याहून कमी करपात्र असलेला हिस्सा थेट ८५ टक्क्यांवर जातो, वरचे पंचवीसेक हजार १२ टक्क्यांतून २२ टक्क्यांच्या टप्प्यात जातात, आणि पासष्टीपुढच्यांना सध्या मिळणारी ६,००० डॉलरची खास वजावटही थोडी कापली जाते. हे सगळं मांडून पाहिलं तर फेडरल, म्हणजे केंद्राचा, कर १५,६०० डॉलरने वाढतो. राज्याचा कर यात नाही. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, त्याला जास्त उत्पन्नावर लागणाऱ्या जादा हप्त्याची धास्ती मात्र ठेवू नका. जोडप्यासाठी ती रेषा या वर्षी २,१८,०००ला आहे, तिथपर्यंत तुम्ही पोहोचत नाही.

म्हणजे गाडीत पाऊल ठेवण्याआधीच २२,८०० डॉलर गेले.

तुम्ही म्हणाल, मग रक्कम दोन वर्षांत विभागून काढू. एरवी मीही हेच सांगते. पण तुमच्या बाबतीत ते उलट पडतं. निम्मी रक्कम काढली तरी दोन्ही वर्षी तुम्ही ८४,६००च्या वर जाता. दोन वर्षांचा मिळून कर जेमतेम हजार-बाराशे डॉलरने कमी होतो आणि सवलत एकदाऐवजी दोनदा जाते. वहिनी ६५च्या होऊन मेडिकेअरवर आल्या की ही रेषा तुमच्या आयुष्यातून निघून जाईल. मोठी रक्कम काढायची झालीच तर ती त्यानंतर.

मूळ गंगाजळीचंही बघा. आज तुम्ही वर्षाला ३६,००० काढता ते शिलकीच्या ४.६ टक्के आहेत. वहिनींची सोशल सिक्युरिटी अजून सुरू व्हायची आहे, हे लक्षात घेता ते मला चालण्यासारखं वाटतं. ९७,५०० काढल्यावर तेच ३६,००० सव्वापाच टक्क्यांच्या वर जातात, आणि तेही गाडीचा वार्षिक खर्च धरण्याआधी. बाजार पडता असेल अशा दोन-तीन वर्षांत हा फरक जाणवतो.

गाडीचा वार्षिक खर्च मी असा धरलाय: विमा १,८००, मिशिगनच्या हिवाळ्यात गाडी ठेवायची जागा १,२००, दुरुस्ती-देखभाल २,०००, आणि थंडीआधी पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून घेणं व टायरसाठी बाजूला काढायचे पैसे मिळून ७००. आरव्हीचे टायर झिजले नाहीत तरी वयानेच बाद होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाच वर्षांचे २८,५००. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला जाईल असं मानलं तर घसारा ४६,०००, शिवाय विक्रीकर ५,५००, शिवाय वरचे २२,८००. एकूण १,०३,०००च्या घरात.

तुम्ही लिहिता दर वर्षी दोन महिने, म्हणजे पाच वर्षांत ३०० रात्री. तसं झालं तर एका रात्रीचे ३४० डॉलर पडतात, पेट्रोल आणि कॅम्पग्राउंडचं भाडं वेगळं. पण मी तुमचंच कॅलेंडर समोर ठेवून बघितलं. हिवाळा पुण्यात. उन्हाळा नातवंडांचा, आणि नातवंडं नसती तरी उन्हाळ्यात हा प्रदेश फिरण्यासारखा नसतो. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाळा, त्यात अरुंद घळींमधून अचानक लोंढे येतात. उरतो वसंत आणि शरद. त्यातून डॉक्टरांच्या तारखा, लग्नकार्यं, घराची कामं वजा करा. वर्षाला ३५ रात्री झाल्या तरी पुष्कळ. मग रात्रीचा हिशेब ५९०वर जातो. त्या पैशांत ग्रँड कॅनियनच्या काठावरच्या, १९०५ साली बांधलेल्या एल टोव्हारमध्येही राहता येईल.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही, म्हणून मुद्दाम विचारते. ती २८ फुटी गाडी वहिनी चालवणार आहेत का? त्यांच्या एका ओळीवरून मला नाही वाटत. म्हणजे गाडीचं सगळं आयुष्य एका माणसाच्या डोळ्यांवर, पाठीवर आणि रक्तदाबावर अवलंबून राहणार. तुम्हाला उद्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली, किंवा देव न करो त्याहून काही मोठं झालं, तर त्या काळजीत भर म्हणून अंगणातली आरव्ही विकायचं काम वहिनींच्या गळ्यात येईल. मी जोडप्यांचे हिशेब नेहमी दोनदा करते, एकदा दोघं आहेत असं धरून आणि एकदा एकच उरलंय असं धरून. दुसऱ्या हिशेबात ही गाडी अजिबात बसत नाही.

आता सहलीकडे येते. इथे पैसे मोकळ्या हाताने खर्च करायला मी सांगणार आहे.

तुमची घरची मोटार, हायलँडर, घेऊन निघा. हे वर्ष त्यासाठी फार छान आहे, कारण पश्चिमेकडे जाणारा जुना प्रसिद्ध महामार्ग, रूट ६६, त्याला या नोव्हेंबरमध्ये १०० वर्षं पूर्ण होतायत. टल्सा, अमरिलो, टुकमकेरी, आल्बुकर्की, फ्लॅगस्टाफ हा तुमचा रस्ताच आहे. मोटारींत आयुष्य घालवलेल्या माणसाने हा रस्ता स्वतःच्या गाडीने बघावा असं मला मनापासून वाटतं. छत्तीस रात्री धरा, म्हणजे साधारण पाच आठवडे, त्यातल्या आठ रात्री आरव्हीच्या. ती लास व्हेगासहून भाड्याने घ्या, हायलँडर तिथेच ठेवा, आणि झायन व ब्राइस ही दक्षिण युटातली उद्यानं करून परत द्या. तुमची हौस खरी आहे, तिला मी नाही म्हणत नाही. पण ती आधी आठ रात्री तपासून बघा. थंडगार सकाळी हातमोजे घालून शौचाच्या टाकीचा जाड नळ जमिनीतल्या झाकणाला नीट बसवायचा, झडप उघडायची, टाकी रिकामी झाल्यावर नळ धुऊन जागच्या जागी ठेवायचा. हे काम दर दोन-तीन दिवसांनी असतं. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींचा उत्साह तिथेच संपतो. तुम्ही कोणत्या गटात आहात ते ९२,००० मोजण्याआधी कळलेलं बरं.

२८ फुटी गाडीला तिथे दारंही कमी उघडी असतात. झायनमधून ब्राइसकडे जाणारा १९३० सालचा बोगदा अरुंद आहे. या वर्षीच्या जूनपासून ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्या त्यातून सोडणार नाही, असं उद्यान प्रशासनाने जाहीर केलंय. बहुतेक सी क्लास गाड्या त्याहून रुंद असतात, म्हणजे बाहेरून वळसा आला. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावरच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपर्यंतची गाडी मावते, पण वीज-पाण्याची जोडणी नाही. ब्राइस आठ हजार फुटांच्या वर आहे, तिथे ऑक्टोबरच्या रात्री पाणी गोठवतात. म्हणून बाहेरची पाण्याची नळी रात्री काढून ठेवायची.

खर्चाचा माझा अंदाज: आरव्हीच्या आठ रात्रींचं भाडं, मैलांचा आकार, भाडेकंपनीचा विमा आणि कॅम्पग्राउंड मिळून साधारण २,५५०. तुमच्या हायलँडरचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होईल असं गृहीत धरू नका, बहुतेक पॉलिसींत तसं नसतं. बाकीच्या २८ रात्री सरासरी १६० डॉलरने ४,५००. जेवणाखाणाचे दिवसाला ७०. त्यात कुकर आणि पोह्यांची पिशवी डिकीत असणार हे मी धरलंय, तरी रोज एक जेवण बाहेर घ्याच. सान्ता फेला जाऊन हिरव्या मिरचीचं काही न खाता परत येऊ नका. पेट्रोल दोन्ही गाड्यांचं मिळून १,२००. निघण्याआधी टायर, बॅटरी, कूलंटसाठी ५००. वाटाडे आणि नावाहो या मूळ रहिवासी लोकांच्या भागातली शुल्कं ६००. बेरीज पावणेबारा ते बारा हजार, वर अडीअडचणीला दोन हजार. चौदा हजार धरून चला.

हे चौदा हजार बँकेतून काढा, आयआरएमधून नको. बचत खात्यातले पैसे हे तुमचेच, कर भरून झालेले पैसे आहेत. ते काढल्याने उत्पन्न वाढत नाही, वहिनींच्या सवलतीला धक्का लागत नाही. खात्यात ४४,००० उरतील, म्हणजे तुमच्या सात महिन्यांच्या खर्चाहून जास्त. एवढी शिल्लक पुरेशी आहे.

राष्ट्रीय उद्यानांसाठी तुम्ही ज्येष्ठांचा आजीवन पास घ्या, ८० डॉलर. बासष्टीपुढच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना तो मिळतो. ऑनलाइन घेतला तर वर हाताळणी शुल्क लागू शकतं, म्हणून पहिल्याच उद्यानाच्या दारात घ्या. पास एकट्या तुमचा असला तरी गाडीतल्या सगळ्यांना चालतो, त्यामुळे वहिनींसाठी वेगळा नको. ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइसला गाडीमागे प्रत्येकी ३५ डॉलर प्रवेश आहे, तिथेच तो वसूल होतो. वर सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये पुष्कळ ठिकाणी निम्मं भाडं लागतं.

मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅनियन मात्र नावाहो राष्ट्राच्या जमिनीवर आहेत, तिथे हा पास चालत नाही. अँटिलोपमध्ये नावाहो वाटाड्याशिवाय उतरताच येत नाही. या पैशांत काटकसर करू नका, ते थेट तिथल्या लोकांकडे जातात आणि ते तुम्हाला जी गोष्ट सांगतात ती कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते. पेज गावाजवळच्या हॉर्सशू बेंडला गावाचं स्वतःचं १० डॉलर पार्किंग आहे. आणि घड्याळ सांभाळा. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नावाहो राष्ट्र पाळतं. एका तासाच्या या गोंधळात लोकांच्या आगाऊ पैसे भरलेल्या सहली चुकतात.

आल्बुकर्कीला ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस गरम हवेच्या फुग्यांचा मोठा महोत्सव असतो. तो बघायचा असेल तर खोली आजच घ्या. बघायचा नसेल तर ते नऊ दिवस तो परिसर टाळा, कारण सान्ता फेपर्यंत भाडी चढतात. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स उद्यानाला जायच्या आदल्या दिवशी रस्ता उघडा आहे का ते बघा, शेजारच्या क्षेपणास्त्र चाचणीसाठी तो कधीकधी तीन तासांपर्यंत बंद ठेवतात. ग्रँड कॅनियनचा उत्तर काठ तुमच्या यादीतून काढा. तिथलं जुनं लॉज २०२५च्या जुलैमधल्या वणव्यात जळून गेलं. दक्षिण काठावरच्या लॉजचं आरक्षण तेरा महिने आधी उघडतं, त्यामुळे हव्या त्या रात्री गेलेल्या असतील. पण लोक रद्द करत असतात, रोज सकाळी एकदा बघत जा. दोन रात्री मिळाल्या तर किंमत न बघता घ्या. वहिनींना कॅनियन बघायचाय, आणि तो बघायचा तर पहाटे आणि संध्याकाळी, दिवसाच्या बसगाड्या गेल्यावर. उद्यानाबाहेरच्या टुसायन गावाहून तिथे जाता येतं, पण गार वाऱ्यात अंगावर शाल घेऊन खोलीतून दहा पावलांवर काठाशी उभं राहणं निराळं. या सगळ्या सहलीत जादा पैसे घालण्यासारखी एकच जागा कुठली म्हणून मला विचारलंत, तर ती ही.

विम्याचं एक बघून घ्या. तुमचं मेडिकेअर मूळ स्वरूपाचं असेल तर देशात बहुतेक कुठेही चालेल. खाजगी कंपनीची ॲडव्हांटेज योजना असेल, विशेषतः ठरावीक डॉक्टरांपुरती चालणारी एचएमओ, तर मिशिगनबाहेर तातडीच्या आणि आणीबाणीच्या उपचारांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. वहिनींच्या मार्केटप्लेस योजनेचंही बहुधा तसंच असेल. म्हणून औषधं सहा आठवड्यांची बरोबर घ्या, आणि दातांचं, डोळ्यांचं जे काही लांबणीवर टाकलंय ते सप्टेंबरमध्ये उरका.

मुलाला हे पत्र दाखवलंत तरी माझी हरकत नाही. त्याला सांगा की चौदा हजार म्हणजे तुमच्या आयआरए आणि बँकेतल्या एकूण शिलकीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. तुम्ही दोघांनी पै पै जोडून हे पैसे उभे केलेत आणि बेत चार वर्षं पुढे ढकललाय. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर आहे. तिथला चढ ६८व्या वर्षी जसा चढाल तसा ७३व्या वर्षी चढाल याची हमी मी देऊ शकत नाही, आयआरएची शिल्लक किती राहील याचा अंदाज मात्र देऊ शकते. दोघांत कमी काय आहे ते तुम्ही ओळखलंच असेल.

आठ रात्रींनंतर दोघांनाही आरव्हीच हवी असं वाटलं, दोघांनाही, तर वहिनी मेडिकेअरवर गेल्यावर मला पुन्हा लिहा. तेव्हा २२-२४ फुटांची, वहिनींनाही चालवता येईल अशी गाडी आणि दोन-तीन वर्षांत विभागलेली रक्कम, असा हिशेब नव्याने मांडू. तोवर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला निघण्याआधी, वर्षभरात आयआरएमधून किती निघाले, व्याज किती जमा झालं आणि सोशल सिक्युरिटी किती आली याची एकदा बेरीज करा. ती ८४,६००च्या आत हवी. जवळ पोहोचली असेल तर डिसेंबरचा आयआरएचा हप्ता जानेवारीत घ्या.